पिशवीतले ब्रश

"ह्यो माझा. ह्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लावायचा न्हाई."

जालिंदर आबानं सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दाढीचा कोरा ब्रश काढला आणि आमच्या आरशापुढच्या फळीवर आपटला. आबा गावचा उपसरपंच. कुठलीही वस्तू नुसती ठेवायची सवयच नव्हती त्याला.

"व्हय, आबा," आमचे मालक म्हणाले.

मालक म्हणजे माझा नवरा, रामहरी काशीद. आंबेखिंडीच्या फाट्यावर एकुलतं एक सलून होतं, ते आमचं. दाढ्या ते करायचे. टॉवेल, वाट्या आणि ब्रश धुणं माझ्याकडं. त्या दिवशीही मी मागच्या दारात बादली घेऊन बसले होते, आणि आबाच्या मागून एकेक जण खिशातून ब्रश काढताना बघत होते. कुणाचा लाल दांड्याचा, कुणाचा पांढरा. एकानं तर घर रंगवायचा उचलून आणला होता. मालकांनी तोही "व्हय" म्हणून घेतला.

हे सगळं बिरूपायी चाललं होतं.

बिरू मोटे ट्रक चालवायचा. पंधरा वर्षं गुजरातच्या वाटेवर होता. दिवाळीआधी घरी आला तो निम्मा होऊनच. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, त्यांनी एड्स सांगितला. ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तो शब्द नुसता कानावर पडला तरी लोक दारं लावून घ्यायचे. बिरूनं लपवलं नाही. लेकीचं, सुनंदाचं, लग्न ठरलेलं होतं. एसटीनं आटपाडीकडं सोयऱ्यांच्या गावी गेला, ओसरीवर बसून सगळं सांगितलं आणि म्हणाला, मोडायचं असलं तर आत्ताच मोडा. सोयरे म्हणाले, "दुखणं तुमाला हाय, पोरीला न्हाई. तारीख तीच."

परक्या गावानं असं ऐकून घेतलं. आणि आमचं गाव, जे बिरूच्या ट्रकमधून फुकट बाजाराला जायचं, ते बिथरलं.

बिरूची शेवटची दाढी मालकांनी गुरुवारी केली होती. शनिवारी गावाला कळलं. रविवारी आबा दुकानात आला.

"कुठल्या ब्रशनं केलीस रं रामा?"

मालकांनी खिळ्यावर टांगलेल्या ब्रशाकडं बोट केलं.

"जाळ त्यो."

मालकांनी खरंच काडेपेटी उचलली. माझं माणूस तसं गरीब. कुणी "बस" म्हटलं की बसणार, "ऊठ" म्हटलं की उठणार. मी मागून आले आणि ब्रश खिळ्यावरून काढून पदराखाली धरला.

"पत्ती नवी घातली होती. ब्रश मी धुतलाय. जाळायला त्यात काय भूत शिरलंय का?"

"तुला इचारलं न्हाई."

"ब्रश माझ्याकडं असतात, आबा. मलाच इचारायचं."

आबा माझ्याकडं बघायलाही तयार नव्हता. त्यानं मालकांना दोन गोष्टी बजावल्या. एक, बिरूनं ह्या खुर्चीवर बसायचं नाही. दोन, गावातला प्रत्येक माणूस आपला ब्रश आपण आणणार. कबूल असलं तर दुकान चालेल, नसलं तर गाव तालुक्याला जाऊन दाढ्या करील.

मालकांनी कबूल केलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. घरात तेवढीच शांतता.

ब्रश कसा राखायचा ते मला सासूनं शिकवलं. सासू म्हणायची, "वस्तऱ्याची काळजी बाप्ये घेत्यात, कारण त्यो चमकतो. ब्रश बायकांकडं येतो." कोमट पाणी घ्यायचं, कढत नाही. कढत घेतलं की आतली लाख सुटते आणि केस गिऱ्हाईकाच्या ओठावर येतात. पाण्यात ब्रश उभा बुडवायचा, मुळाशी अंगठा दाबायचा, फेस बाहेर काढायचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचं. मग तीन झटके द्यायचे आणि केस खाली, दांडा वर, असा वाऱ्यावर टांगायचा. आठवड्यातून एकदा रिठ्याचं पाणी. केस कुठल्या जनावराचे असतात ते गिऱ्हाईकाला कधी सांगायचं नाही, हेही सासूनंच शिकवलं. एवढं केलं की तोच ब्रश दहा वर्षं चालतो. आणि ओला ठेवला की दहा दिवसांत सडतो.

आबाच्या दाढीनंतर मी हात पुढं केला.

"द्या आबा, धुऊन टांगते. उद्या वाळला की न्या."

"टांगती कुठं? त्याच खिळ्याशेजारी?" त्यानं फेसाळलेला ब्रश तसाच पिशवीत कोंबला, वर गाठ मारली आणि पिशवी बुलेटच्या डिकीत टाकली.

"वल्ला हाय. कुजंल."

"आता तू शिकीव मला!"

बाकीच्यांनीही तेच केलं. पुढारी ज्या खिशात हात घालतो त्याच खिशात गाव हात घालतं. दुकानाबाहेर पडताना बावीस माणसांच्या बावीस खिशांत बावीस ओल्या पिशव्या. मी प्रत्येकाला सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "वैनी, आमाला दाढी करून पन्नास वर्सं झाली." मी म्हटलं, "दाढी करून झाली. ब्रश किती वर्सं धुतलाय?" तो हसला आणि पिशवीला गाठ मारून गेला.

महिनाभरानं बिरूची आई, कोंडाआजी, मागच्या दारानं आली. पुढच्या दारानं यायची तिची हिंमत नव्हती. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. चहा दिला तर म्हणाली, "कप नगं बाई, तुज्या घराला बोल लागंल." मी कप तिच्या हातात कोंबला.

"लगीन म्होरल्या बिस्तरवारी हाय," ती म्हणाली. "बिरूची दाढी छातीला टेकायची राह्यलीया. काल स्वतःच करायला बसला. हात थरथर कापत्यात. हनुवटीला ह्येवढं कापून घ्येतलं. मी फडकं घिऊन धावले, तर वरडला माझ्यावर. 'आये, रगताला हात लावू नगंस!' आपलं रगत आपणच पुसत बसला, अर्धी दाढी तशीच."

मालक मागं येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत निघून गेले.

"मी येते घरी," मी म्हणाले. "सासऱ्यांना अर्धांग झालं होतं तेव्हा दोन वर्सं त्यांची दाढी मीच केलीया. हात बसलाय माझा."

त्याच दुपारी गेले. बिरू अंगणात बाजेवर होता. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर जंगल, हनुवटीला चिंधी. मला बघून उठायला लागला.

"वैनी, तुमी आलासा ह्येच लई झालं. पर घरात नगं."

"का? माझा हात नको का?"

"हात चालंल. घर नगं." त्यानं दम घेतला. "आबानं सांगावा धाडलाय. लगीन लावा म्हणं, पर बिरूनं पाटावर बसायचं न्हाई. कन्यादान चुलत्यानं करायचं. मी म्हटलं, बसणार. आता तुमी हितं दाराआड दाढी केलीसा, तर गाव म्हणंल चोरून केली. चोरून दाढी केल्याला बाप पाटावर कसा बसंल? दुकानात बसून करीन, न्हाईतर हाय तसा बसंन."

"दुकानात तुला कोण बसू देणार?"

"त्ये मला ठावं न्हाई. तुमी सांगा."

मी तशीच दुकानात परत आले. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दुकान बंद पडंल."

"पडू द्या."

"तुला सोपं हाय म्हणायला."

"मला सोपं हाय? ह्या खुर्चीवर कोण बसतंय आन कोण न्हाई, त्ये ठरवायला ही खुर्ची काय आबानं घिऊन दिलीया? आपला धंदा म्हणजे माणसाचं तोंड हातात घ्यायचा धंदा. त्यातलं एक तोंड वगळा म्हटल्यावर तुमी 'व्हय' म्हणालासा. उद्या दुसरं वगळा म्हणंल."

मालक वस्तरा पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गावाची तोंडं फुटली.

आधी आबाचं. हनुवटीखाली लाल पुळ्या उठल्या, मग त्यांत पू झाला. मग दूधवाल्या शिरपतीचं. मग त्या पन्नास वर्षांच्या अनुभवी म्हाताऱ्याचं. पाच-सहा दिवसांत सोळा-सतरा माणसं मान खाजवत फिरायला लागली. पत्ती लावली की आग व्हायची, म्हणून दाढ्या थांबल्या. आणि एकच बोंब उठली. बिरूचा रोग गावात पसरला!

मंगळवारी सकाळी सगळे आमच्या दुकानापुढं जमले. लग्नाला दोन दिवस राहिले होते. आबा गळ्याला मफलर गुंडाळून आला होता, पुळ्या दिसू नयेत म्हणून. लोकरीच्या मफलरानं आणखी खाज सुटत होती, ती दिसतच होती.

"रामा," तो म्हणाला, "तू त्याची दाढी केलीस, त्याचं ह्ये फळ. आता ऐक. बिरूनं आजच्या आज गाव सोडायचं. लेकीचं लगीन तिकडं सोयऱ्याच्या दारात लावा म्हणावं. आन ह्या दुकानाला कुलूप."

मालकांच्या तोंडातून 'व्हय' निघायच्या बेतात होता. मी त्यांच्या पुढं येऊन उभी राहिले. वीस वर्षांत त्या पुढच्या दारात मी कधी उभी राहिले नव्हते.

"आबा, तुमचा ब्रश दाखवा."

"काय?"

"ब्रश. डिकीत हाय न्हवं?"

"त्याचा हितं काय संबंध?"

"घाबरतासा काय? तुमचाच हाय. दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागला न्हाई."

मागं कुणीतरी हसलं. आबाला माघार घेता येईना. त्यानं डिकीतून पिशवी आणून माझ्या हातात दिली. मी गाठ सोडली.

काय सांगू, मेलेला उंदीर बरा! पुढची चार माणसं मागं सरली. आबानंही तोंड फिरवलं. मी ब्रश बाहेर काढला, केस दोन्ही अंगठ्यांनी फाकवले आणि सगळ्यांपुढून फिरवला. मुळाशी काळी बुरशी, मधे शिळा साबण दह्यासारखा, आणि दांड्याला हिरवट चिकट राप.

"ह्ये तुमी रोज आठ दिवसांआड तोंडाला चोळत होतासा."

"रोज का आठ दिवसांआड, एक काय ते बोल," आबा गुरगुरला.

"एकदा चोळलं तरी पुरं हाय, आबा! शिरपती, तुजा काढ. आजोबा, तुमचा."

शिरपतीनं काढला. त्याच्या पिशवीत पाणी साठून त्यात केस तरंगत होते. म्हाताऱ्यानं आपला हळूच खिशात मागं ढकलला.

मग मी आत जाऊन खिळ्यावरचा ब्रश आणला. कोरडा, मोकळा, नाकाला लावला तर रिठ्याचा वास.

"ह्यो बिरूच्या तोंडाला लागला होता. आता मला सांगा, त्या दिसापास्नं ह्यो तुमच्यापैकी कुणाला लागलाय?"

माणसं एकमेकांच्या हनुवट्या बघायला लागली.

"लागला का, आबा?"

"न्हाई."

"आन तुमच्या पिशवीला बिरूनं हात लावला?"

"न्हाई."

"मग बिरूचा रोग तुमच्या हनुवटीवर चढला कुठनं?"

"हवेतनं आला आसंल."

"हवेतनं? मग तुमच्या बायकू-पोरांस्नी का न्हाई आला? हवा काय दाढी बघून येती?"

आता हसू आवरेना लोकांना. हसताना पुळ्या ताणल्या जाऊन कळ आली की तोंड वाकडं करायचे, पण हसायचे. आबा लाल झाला.

"न्हाव्याची बाय तू. आमाला अक्कल शिकवतीस?"

"न्हाव्याचीच हाय, म्हणून शिकवती. तुमच्या घाणीची जात मला एका वासात कळती. पाटलिणीला इचारलं असतं तर कळलं नसतं तिला." मी त्याचा ब्रश त्याच्या हातात परत दिला. "तालुक्याला चामडीचा डाक्टर हाय. ह्यो संगट घिऊन जा आन दाखवा. बिरूचं नाव घ्या त्याच्या म्होरं. बघा त्यो काय म्हणतोय."

गर्दी मोडेना. तेवढ्यात ती मधोमध फाटली. कुणीतरी सांगितलं असणार, बिरू आला होता. आईच्या खांद्यावर हात ठेवून, अर्ध्या दाढीनं. वाट करून द्यायला लोक जेवढे सरले तेवढं अंतर मी कुठल्या मिरवणुकीत पाहिलं नाही. तो पायरीपाशी थांबला.

"वैनी, बसू का?"

"खुर्ची बसायलाच ठेवलीया."

"अगं, शटर तरी..." मालक कुजबुजले.

"उघडंच राहू द्या."

बिरू बसला. मी त्याच्या गळ्याला टॉवेल बांधला, नवी पत्ती सगळ्यांना दाखवून घातली, ब्रश भिजवला. फेस काढताना माझ्या हातावर साठ-सत्तर डोळे होते. सासऱ्यांची दाढी घरात केलेली, तेव्हा समोर गाव नव्हतं. डावा गाल निघाला. उजव्या कानाशी आले आणि कल्ला उतरवताना पत्ती जरा तिरकी गेली.

"थांब!"

मालक ओरडले. गर्दीला वाटलं, आता हा बायकोला ओढून काढतोय. मलाही तेच वाटलं. ते तरातरा आले, माझ्या हातातून वस्तरा घेतला.

"कल्ला वाकडा करतीस? पोरीच्या लग्नात वाकड्या कल्ल्यानं बसंल का त्यो? सर तिकडं."

आणि माझ्या माणसानं, ज्यानं आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं, बिरूची मान एका बोटानं डावीकडं कलवली आणि कामाला लागला. एकदा सुरू झाल्यावर त्यांना दारात गाव आहे का रान, त्याची शुद्ध नव्हती. हनुवटीवरची जखम टाळून, मिशी कातरून, मानेवरची लव काढून, तुरटी फिरवून, सगळं केलं. शेवटी आरसा बिरूपुढं धरला.

बिरूनं आरशात नुसतं पाहिलं. कोंडाआजीनं डोळ्याला पदर लावला.

मी ब्रश घेऊन बादलीपाशी बसले. लोक वाकून बघत होते. आता ही रॉकेल ओतणार, का कढत पाणी घेणार, का काठीनं धरणार? मी कोमट पाणी घेतलं, अंगठा दाबला, फेस काढला, तीन झटके दिले. आबाच्या दाढीनंतर धुतला असता तेवढाच धुतला. एक थेंब जास्त नाही.

"म्होरचा कोण?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज चिरका निघाला, पण त्यांनी विचारलं.

त्या दिवशी पुढचा कुणी आला नाही. आबा बुलेटला किक मारून निघून गेला, तो तालुक्याला गेला हे नंतर कळलं. त्याच्या मागोमाग जीप भरून बाकीचे गेले. डॉक्टरनं म्हणे ब्रश चिमट्यानं धरला आणि विचारलं, "हा दाढीला वापरता की संडासाला?" मलम दिलं, दुखणं बिरूचं नाही, कुजक्या ब्रशाचं आहे म्हणून बजावलं, आणि सगळ्यांना सांगितलं, पंधरा दिवस तोंडाला पत्ती लावायची नाही.

गुरुवारी लग्न झालं. गाव येईल की नाही अशी धाकधूक होती. पण मांडव फाट्यावर, जेवण बुंदीचं, आणि सोयऱ्यांची तीन गाड्या भरून माणसं. न येऊन बघणार काय? आले सगळे. आबाही आला, न आला असता तर लाजेनं तोंड लपवलं असं गाव म्हणालं असतं. पुढच्या रांगेत सतरा माणसं ओळीनं बसली, आठ-आठ दहा-दहा दिवसांच्या दाढ्या वाढलेली, खुंटात मलम चिकटलेलं, कुणी खाजवतोय, कुणी खाजवणाऱ्याचा हात धरतोय.

बिरूची दाढी सकाळी मालकांनी त्याच्या अंगणात पुन्हा केली होती, सगळ्या वऱ्हाडासमोर. डोक्याला पिवळा फेटा, कपाळाला कुंकू. तो पाटावर बसला. पोरीचा हात त्यानं स्वतः दिला. कुणी अडवलं नाही.

अक्षता पडल्यावर नवऱ्या मुलाचा चुलता, जाडजूड मिशांचा खुशालचेंडू माणूस, बिरूशेजारी येऊन टेकला. पुढच्या रांगेकडं बराच वेळ बघत राहिला. मी पानाचं तबक घेऊन तिथंच उभी होते.

"मोटेपाव्हणं," तो म्हणाला, "राग नसावा. तुमच्या गावात कुणाचं सुतक हाय का? येवढ्या बाप्यांत तुमचीच दाढी तेवढी गुळगुळीत दिसतीया."

बिरूनं पान उचललं. पुढच्या रांगेवरून सावकाश नजर फिरवली, ती आबावर येऊन थांबली.

"सुतक न्हाई, पाव्हणं," तो म्हणाला. "आजारी हायती बिचारी. तुमी आपलं जरा हिकडं सरकून बसा."